बसवलेल्या अप्पांचा फोटो

अप्पा,

परवा ठेकेदाराच्या फोनवर अव्वाचा फोन आला. तुमची समाधी उघडू द्यायला ती तयार झालीय. "वकिलाला हो म्हणले मी. पण खणताना पोरगा समोर लागतो म्हणे. तू ये," एवढंच बोलली आणि फोन वकिलाच्या हातात दिला. मी इकडं गुजरातेत बंदरावर जहाजातली पोती उतरवत होतो. फोन ठेवला आणि पुन्हा पोत्याला हात लावला, पण ते उचललं कसं ते आठवत न्हाई.

तुम्हाला नेलं तो दिवस मात्र सगळा दिसतो. लातूर नुकताच जिल्हा झालाय, नव्या कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला आहे, आणि पाऊस न्हाई. आडतीत माल येईना म्हणून तुम्ही दुष्काळी कामावरची सरकारी ज्वारी मापून द्यायला जात होता. त्यातली पोती कुठं तरी गेली, आणि मापाडी तुम्ही. दुपारी हवालदार आला तेव्हा तुम्ही चुलीपुढं जेवायला बसलेले. तो म्हणाला, "चला मापाडी, साहेबानं बोलावलंय, गेलं की आलं." तुम्ही म्हणालात, "भाकर तर मोडू द्या सरकार. बसा तुम्ही बी." तो बसला, अप्पा. पिठलं वरून मागून घेतलं. अव्वाला म्हणाला, "वहिनी, लई तिखट केलंय बगा." तुम्ही हसलात, "पिठल्याचं काय घेऊन बसलात, औंदा आमच्या घरचं पाणी बी तिखट झालंय." मी दोघांना पाणी देत होतो, माझ्या हातून सांडलं. "तांब्या नीट धर की रे," तुम्ही डाफरलात, "टँकरपुढं कोण उभं ऱ्हातंय, तू का तुझी आई?" माझ्याशी तुम्ही बोललात ते हेच शेवटचं. मग हात धुऊन, टोपी घालून तुम्ही त्याच्या मागं निघालात, पाहुण्याला वेशीपर्यंत सोडायला निघावं तसे.

अव्वा डबा घेऊन ठाण्यावर जायची आणि "साहेब अजून विचारायलेत, घरी जा" हे ऐकून भरला डबा परत आणायची. मग निरोप आला की तुमचं काळीज बंद पडलं. दवाखान्याच्या कागदावरही तेच लिहिलेलं होतं. आपल्यात माणसाला जाळत न्हाईत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात आणि बसवूनच माती देतात. तुमची मांडी जमेना. काका पाय ओढत होते आणि मठाचे स्वामी म्हणत होते, "हळू रे, हळू." उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळत होता. तळवे काळेनिळे झालेले. स्वामींनी कुणाला काही विचारलं न्हाई. विभूती कालवली आणि इतकी दाट लावली की कातडी दिसेना. नवं धोतर, पायांवर शाल, गळ्यात हार. भिंतीला टेकवून बसवलं आणि रिवाजाप्रमाणं फोटोवाला बोलावला. बाया म्हणाल्या, मापाडी किती तेजाळ दिसायलेत. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

पुढं आम्ही कोर्टात गेलो आणि तोच फोटो आमच्यावर उलटला. सरकारी वकिलानं तो जज्जापुढं धरला. म्हणाला, "बघा, चेहरा शांत, अंगावर ओरखडा न्हाई. मार खाल्लेला माणूस असा बसतो का?" काका तोवर गेले होते. स्वामींना विचारलं तर ते म्हणाले, "मी विभूती लावली. जखमा बघत बसलो न्हाई." खोटं न्हाई बोलले ते. मेलेल्या माणसाची विटंबना होऊ नये म्हणून त्यांनी झाकलं, आणि झाकलं गेलं ते कायमचं. कैक वर्षांनी निकाल लागला. माणूस पोलिसाच्या ताब्यात मेला, सबब सरकारनं भरपाई द्यावी. मारलं कोणी, ते शाबीत होत न्हाई. भरपाई आली, आपल्या घरावर पत्रे आले. साहेबाला बढती आली, नांदेडकडं.

आपले वकील म्हणाले, मांस जातं पण मोडलेलं हाड ऱ्हातं, समाधी उघडू. अव्वा ऐकेना. "एकदा बसवलेल्या माणसाला उठवायचं? अन् उठवून न्यायचं कुठं, त्यांच्याच दवाखान्यात?" मी म्हणालो, "तुला पत्रे मिळाले, तुझं भागलं." तिनं तव्यावरची भाकर उलटली न्हाई, तशीच जळू दिली. त्याच आठवड्यात मी गाव सोडलं. तेव्हापासून एका गावात, एका कामावर माझं मन लागलं न्हाई. जिथं गेलो तिथं भांडलो, आणि दरवेळी वाटायचं की हे भांडण खरं त्या साहेबाशी आहे.

आता तोच साहेब रिटायर व्हायला आलाय. एकदा घरी बसला की त्याला धरणं अवघड, असं वकील म्हणतात. काल मीच फोन लावून अव्वाला विचारलं, आत्ताच का हो म्हणालीस? ती म्हणाली, "मी मेल्यावर मला बी त्यांच्याच शेजारी बसवाल. त्यांनी इचारलं, कुणी मारलं ते सांगितलंस का, तर मी काय सांगू?"

अप्पा, इतकी वर्षं मीच ओरडत होतो, उघडा म्हणून. मोडलेला पाय मी डोळ्यांनी बघितलाय. पण तेव्हा मी लहान होतो; हाड साबूत निघालं तर? आणि मोडकं निघालं तरी? आज, कुदळ लागायच्या आधी, माझ्या डोक्यात तुम्ही मातीखाली ताठ बसलेले असता, कुणी तरी विचारायला येईल म्हणून वाट बघत. इतकी वर्षं कुणी तसं बसून ऱ्हात नसणार, एवढं मलाही कळतं. पण तुम्ही बसलेले न्हाई हे बघायला मी का जावं, असं वाटतं. आणि न्हाई गेलो तर तो माणूस पेन्शन खात म्हातारा होईल, हेही कळतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं न्हाई, टाकून पोचणार तरी कुठं. अव्वाला मी कळवलंय की ठेकेदार सुट्टी देत न्हाई. ठेकेदार त्याच दिवशी म्हणाला होता, जा.