वर्षाच्या आत

ता. ९, गुरुवार

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. डाव्या डोळ्याला पाणी येतं म्हणून बायकांची बारीक घड्याळं हल्ली दुरुस्तीला घेत नाही. गॅस बंद केला का, हे बघायला दुकानातून दोनदा घरी जाऊन येतो. तुझा खोकला थांबला का?

आत्याने पाठवलेला दत्तकाचा कागद मिळाला. तू अठराची व्हायच्या आत माझी सही हवी, म्हणजे ती कायद्याने तुझी आई होईल, हे समजलं. पण त्यात लिहिलंय, 'पित्याने अपत्याचा परित्याग केला.' मी सातवीपर्यंत शिकलेला. वकिलाच्या कारकुनाला अर्थ विचारला. तो म्हणाला, "टाकलं हो, काका."

मी त्याच्याशी भांडलो. माणूस नोकरी सोडतो, गाव सोडतो. टाकतात ते नासलेलं अन्न. तुझी आई खोकल्याने गेली तेव्हा तू चार वर्षांची. तुला आठ दिवसांसाठी आत्याकडे ठेवलं होतं. 'ठेवली' असं लिहा म्हटलं, तर तो हसला.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. वर्षभर न नेलेलं घड्याळ मालकाने टाकलं असं धरायचं. पण त्याने मध्ये येऊन नुसतं "आहे ना?" विचारलं, तरी चिठ्ठीवर नवी तारीख घालायची. मी दरवर्षी, वर्ष भरायच्या आत, तुझ्याकडे का येत होतो ते आता कळेल. अर्धा तास बसायचो, निघायचो. पहिली तीन वर्षं तू पिशवी भरून दाराशी बसलेली असायचीस. चौथ्या वर्षी पाणी आणलंस आणि आत हाक मारलीस, "आत्या, पाहुणे आलेत."

खोली लहान, दुकान दिवसभराचं, असं मी आत्याला सांगत आलो. ते खरं नाही. दुसऱ्याच वर्षी मोठी खोली मिळाली होती. शेजारच्या मावशी तुला सांभाळायला तयार होत्या. पण घरात कुणाचा खोकला ऐकून जीव टांगणीला लागत नव्हता, आणि मला ते बरं वाटू लागलं होतं.

सही केली आहे. शब्द खोडला नाही. शाई वाळल्यावरच कागद दुमडला.

यंदाचं वर्ष पुढच्या महिन्यात भरतं. मी येणार नाही, भरू दे. कधी बोलावलंस तर पाहुणा म्हणून येईन.

गार पाणी पिऊ नकोस.

तुला टाकून गेलेला,
बाबा