कप्तानाची कंबर

२ फेब्रुवारी, उस्मानपुरा
ठरलं. आपली व्हॉलीबॉल टीम श्रीलंकेला. समुद्राकाठच्या गावात शाळेला रंग द्यायचा, पोरांसाठी मैदान करायचं, मग बीचवर मजा. शेवटी त्याच मैदानावर गावच्या टीमशी मॅच. कप्तान अर्थात मी. युसूफ माझ्याहून बरा खेळतो म्हणतात, पण कप्तानाला वजन लागतं. ते माझ्याकडं आहे. करुणा म्हणाली, जरा जास्तच आहे. बायकोला खेळातलं काय कळतं.
संकल्प : रोज पहाटे छावणीपर्यंत पळणं. साखर बंद.

६ फेब्रुवारी
पळालो नाही. गुडघे परदेशासाठी राखून ठेवतोय. साखरेचं सोमवारपासून.
कोच अप्पाराव म्हणाले, यापुढं कप्तान कोण ते श्रीलंकेतली मॅच बघून ठरवू. म्हटलं, बघाच.

१४ फेब्रुवारी, श्रीलंका
पोचलो. मुक्काम हेडमास्तरीण मालिनी मॅडमच्या घरी. समुद्र दोन गल्ल्या सोडून. लाटा खोलीत ऐकू येतात. लई भारी.
मॅडमनी मैदान दाखवलं. नेटच्या खांबांसाठी दोन खड्डे घ्यायचे, मांडीएवढे खोल. जमीन बघितली. नुसता मुरूम. कप्तानानं ताकद मॅचसाठी वाचवली पाहिजे. टीमच्याच हिताचं आहे.

१५ फेब्रुवारी, सकाळ
दुसऱ्याच घावाला कंबर धरली. म्हणजे दोन्ही हातांनी मीच धरली. ‘आई गं’ पण झकास निघालं. सगळे धावत आले. युसूफ म्हणाला, “कप्तान, तुम सो जाव, हम कर लेते.” भला माणूस. आता दुपारपर्यंत आराम, संध्याकाळी बीच.

दुपार
मॅडमच्या आई आल्या. त्यांना सगळे आच्ची म्हणतात, म्हणजे आजी. कमरेच्या औषधासाठी अख्खा गाव त्यांच्याकडं येतो म्हणे. मला पालथं पाडलं, पाठीवर गुडघा रोवला, काळं तेल ओतलं. मग लाकडाच्या फळीवर झोपवलं. परतीच्या गाडीपर्यंत उठायचं नाही. मी म्हटलं, आता बरं वाटतंय. मॅडमनी ते आईला सांगितलं. आच्चींनी माझ्या गालावरून हात फिरवला. मॅडम म्हणाल्या, आई म्हणते, सोसणारा माणूस आहे.

१६ फेब्रुवारी
फळी. तीन वेळा हिरवी कडू पेज. दारात खुर्ची टाकून आच्ची. मी कूस बदलली की त्या खोकतात.
टीममधला कारभारी भेटायला आला. अंगभर पिवळा रंग. शाळा लई देखणी झाली म्हणाला. दुपारी तळलेले मासे होते म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी
आज सगळे बीचवर. युसूफ म्हणाला, “चलो कप्तान, उचलून नेतो तुमाला.” मी हात पसरलेसुद्धा. आच्चींनी त्याला झाडू दाखवला.
खरं सांगून टाकावं का? सांगितलं तर कप्तानपद गेलं. नाही सांगितलं तर उद्याची मॅच गेली, म्हणजे कप्तानपद गेलंच. विचार करतोय. पालथा पडून.
लाटांचा आवाज आता नको वाटतो.

१८ फेब्रुवारी, दुपार
आच्चींना डुलकी लागली. मी खिडकीतून बाहेर. कधी नव्हे ते पळालो! गल्ली, नारळाची झाडं, वाळू. पाणी समोर. बूट काढायला वाकलो तोच मागून ओरडा. मालिनी मॅडम आणि शाळेची सगळी पोरं.
संपलं म्हटलं. पण मॅडमच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, आईच्या तेलानं माणूस धावायला लागला! पोरांनी टाळ्या पिटल्या. मला मिरवत शाळेत नेलं. तिथं दुसरा खड्डा अर्धाच झालेला. टीम होडीतून फिरायला गेलेली. मॅच चार वाजता. मॅडमनी हसत पहार माझ्या हातात दिली.
नाही म्हणायला आता कंबरही उरली नव्हती.

संध्याकाळ
खड्डा झाला. खांब उभा राहिला. दोन्ही तळहात फुटले. बॉल धरवेना, म्हणून मी बाहेर आणि युसूफ कप्तान. मॅच आपण जिंकली. शेवटच्या पॉइंटला पोरांनी युसूफला डोक्यावर घेतलं. मला टाळ्याही वाजवता आल्या नाहीत.
आच्ची शेजारी बसल्या होत्या. माझे हात बघून त्यांनी तेलाची बाटली काढली.

२१ फेब्रुवारी, उस्मानपुरा
युसूफ कप्तान झाला. त्याचं नाव मीच सुचवलं, असं करुणाला सांगितलं. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, बाकीचे सगळे उन्हानं काळे पडून आले, तुम्हीच कसे गेले तसे आले? समुद्र होता तरी कसा?
मी म्हटलं, लांब.
 माझे हात दुखत होते, तर तिनं भाकरी कुस्करून दिली.