काउंटरखालची निळी बादली

प्रिय धाकटे,

किनाऱ्यावर वाढलेल्या आपणा सगळ्यांची एकच तक्रार आहे. पाहुणा वाळूत उतरून चपला काढतो, तेव्हा कायदाही काढून ठेवल्यासारखा वागतो. घरी सिग्नलला मुकाट थांबणारा माणूस इथे थेट लाटांपर्यंत गाडी घालतो आणि वर विचारतो, समुद्रावर कसला आलाय नियम? या विषयावर मी किती सभा गाजवल्या, तुला माहीत आहे. टाळ्या भरपूर मिळाल्या. माझ्या भाषणाने एकाही गाडीचं चाक वाळूबाहेर गेलं नाही.

तू कधी भाषण केलं नाहीस. हॉटेलच्या काउंटरवरून तू खोलीची किल्ली पुढे करतेस आणि हातातून सोडण्याआधी सांगतेस: समोरची वाळू हॉटेलची नाही, सगळ्यांची आहे, तेव्हा जाळी ओढणाऱ्यांना हटकू नका. दंड झाला तर पावती मागा, हवालदाराचा खिसा गरम करू नका. आणि समुद्रातलं काही घरी न्यायचं नाही. यावर रोज कुणीतरी म्हणतंच, अहो, बाजारात तर ढिगाने शंख विकतात! मग तू शांतपणे म्हणतेस, दुकानदाराकडे परवाना असतो काका, तुमच्याकडे फक्त सुट्टी आहे. हे वाक्य मला सुचलं असतं तर मी त्यावर तासभर बोललो असतो. तू किल्ली देऊन पुढच्या पाहुण्याकडे वळतेस.

आणि ती तुझी निळी बादली! काउंटरखाली खाऱ्या पाण्याने अर्धी भरलेली. निघणाऱ्या प्रत्येकाला तू विचारतेस, पिशवीत चुकून समुद्राचं काही राहिलंय का? ‘चुकून’ तू मुद्दाम घालतेस, म्हणजे समोरच्याला मान खाली न घालता पिशवीत हात घालता येतो. ड्यूटी संपली की बादली उचलून तू खडकांपर्यंत चालत जातेस. मी कपाटभर ग्रंथ वाचले. कायदा माणसाला न दुखावता कसा पाळायला लावावा, हे मात्र तुझ्याकडे बघून कळलं.

कळलं, पण फार उशिरा. दोन वर्षांपूर्वी आम्ही तुझ्या हॉटेलात उतरलो होतो. लेकीसाठी मी एक मोठा शंख उचलला आणि ओल्या टॉवेलात गुंडाळला. निघताना तू सगळ्यांना विचारतेस तेच मलाही विचारलंस. मी हसून म्हणालो, मला कायदा शिकवतेस होय गं? तू टॉवेल उघडलास. शंखाच्या तोंडाशी काहीतरी मऊ हळूच आत ओढलं गेलं. तो जिवंत होता. तू तो बादलीत सोडलास, लोक बघत राहिले आणि माझं पित्त खवळलं. दुपारी आईकडे जेवताना मी सगळ्यांसमोर तुला माफी मागायला लावली. तू आईच्या चेहऱ्याकडे बघितलंस आणि मागितलीस. लेक तेवढी म्हणाली, बाबा, तुम्ही स्टेजवर सांगता ते फक्त स्टेजवरच असतं का? मी तिला गप्प केलं.

काल आईचा फोन आला. मालकांच्या ओळखीच्या एका बड्या पाहुण्याच्या बॅगेतून तीन शंख निघाले, तू ते ठेवून घेतलेस, आणि आता मॅनेजरने तुझ्यापुढे टाइप केलेला कागद ठेवलाय: ‘माझा गैरसमज झाला, क्षमस्व.’ सोमवारपर्यंत सही कर, नाहीतर नोकरी सोड. गैरसमज त्या पाहुण्याचा आणि सही तुझी! आई म्हणाली, करेल ती सही, तिला सवय आहे. ती सवय कुणी लावली, ते आई बोलली नाही. फोन ठेवून मी लेकीला बोलावलं आणि तिला राहिलेलं उत्तर दिलं: चूक माझी होती.

तुला लिहायला बसलो ते याचसाठी. त्या दिवशी जेवताना मागायची माफी माझी होती. ती आज मागतो, आणि आईला सांगितलंय की हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत माझं घर तुझं आहे, बादलीसकट ये. सोमवारी सकाळी मी तुझ्या काउंटरपाशी उभा असेन, आणि घाबरू नकोस, भाषण करणार नाही. तू फक्त एक कर. त्या कागदावर सही करू नकोस.

तुझाच,
टॉवेलवाला दादा