न झालेल्या प्रयोगाचं पान

अक्का,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी पहिल्यांदाच तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही होतात तेव्हा लिहायची गरजच पडली नाही. बस पकडून चिकपेटेच्या मागच्या तुमच्या गल्लीत आलं की काम झालं. आज रविवारची दुपार आहे. घरातले सगळे सर्जापूर रोडवर कुणाच्या तरी नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेले आहेत. डोकं दुखतंय असं सांगून मी मागे राहिलो. डोकं मुळीच दुखत नाही. गेले तीन आठवडे मन ठिकाणावर नाही, आणि ते का, हे ज्याला सांगावं असं या एवढ्या मोठ्या शहरात मला कुणी सुचत नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा पकडलंत तो दिवस आधी सांगतो. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, निपाणीकडून नुकताच आलेला, कन्नड धड येत नाही आणि इंग्रजीची धास्ती. तुम्ही आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचात. त्या दिवशी टायट्रेशन होतं. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं, रंग फिकट गुलाबी झाला की थांबायचं, आकडा लिहायचा, आणि हे तीनदा करायचं. मी एकदाच केलं आणि तोच आकडा खाली आणखी दोनदा लिहून मोकळा झालो. सगळे तेच करायचे. तुम्ही वही पाहिलीत, मग ब्युरेटकडे पाहिलंत, आणि पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोललात. "अय्यो, या ब्युरेटची तोटी गळते रे. सहा महिने मी बदलून मागतेय. हिच्यावर तीनदा तोच आकडा आला तर मी तुला साष्टांग नमस्कार घालीन." आजूबाजूच्यांना भाषा कळली नाही, पण माझं तोंड पाहून काय झालं ते कळलं असावं. तुम्ही मार्क कापले नाहीत. शनिवारी घरी ये, एवढंच म्हणालात.

शनिवारी मी अंग चोरून तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे. तुम्ही चित्रान्नाच्या भातासाठी लिंबं पिळताय, आणि पाट दाखवून म्हणताय, "सरी, ठीक आहे, बस. आणि घरात मॅडम म्हणू नकोस, अक्का म्हण. आता सांग, का केलंस?" मी म्हणालो, "मार्क गेले असते की ओ." तुम्ही म्हणालात, "समज मार्क जाणार नव्हते. मग?" मी म्हणालो, सगळेच करतात. "समज दुसरं कुणी करत नाही. मग?" कुणाला कळणार नव्हतं, मी म्हणालो. "मला कळलं की. बरं, समज मलाही कळणार नव्हतं. मग?" माझ्याकडचं सगळं संपलं. मला रडू येईल असं वाटायला लागलं आणि तुमचा रागही आला. तुम्ही ताटलीत चित्रान्न वाढलंत आणि म्हणालात, "उत्तर नाही ना? हे बरं. तयार उत्तर असतं तर मला काळजी लागली असती. स्वल्प विचार कर, घाई नाही." तुमचा तो धीर मला तेव्हा छळासारखा वाटायचा.

पुढची तीन वर्षं वर्गातले आम्ही पाचजण दर शनिवारी तुमच्याकडे येत राहिलो. हॉस्टेलवर एकच कायदा होता, आपल्या माणसाचं नाव सांगायचं नाही. न आलेल्याची हजेरी लावायची, पेपरात शेजाऱ्याला दाखवायचं, आणि जो नाही म्हणेल त्याच्याशी बोलणं बंद. त्या कायद्यातही एक माणुसकी होती, हे तुम्ही मान्य करायचात. पण मित्रासाठी खोटं बोलणारा मित्र नसलेल्याशी कसा वागतो, असं विचारून तुम्ही आम्हाला तासन्‌तास भांडायला लावायचात. निकाल कधीच द्यायचा नाहीत. निघताना मला वाटायचं की बाई स्वतः काहीच बोलत नाही आणि आपली जीभ मात्र सोलून काढते. आज कळतं की तुमच्या घरात आम्हाला चूक असायची मुभा होती, आणि ती या शहरात दुसरीकडे कुठेच नव्हती.

तरी सगळे सारखे बदलले नाहीत. आमच्यातल्या एकाला आपण चुकलो हे ऐकवतच नसे. तो तुमच्याकडे वादात जिंकायला शिकला, आणि पुढे तेच जिंकणं त्याने नको तिथे वापरलं. एक मुलगी आली तेव्हाच अशी सरळ होती की तिला तुमच्या प्रश्नांची गरजच नव्हती, ती आपली आमचं ऐकत बसायची. आणि मी मधला. मला एकदा तुम्ही म्हणाला होतात, "तुला वाईट वागायचं नसतं रे, तुला फक्त सगळ्यांना आवडायचं असतं. त्याचीच मला भीती वाटते." मी हसण्यावारी नेलं होतं.

आता माझ्या कॉलेजचं सांगतो. व्हाइटफील्डच्या पुढे, होसकोटेच्या वाटेवर, काचेच्या इमारतींचं मोठं इंजिनियरिंग कॉलेज आहे. तिथे मी रसायनशास्त्राचा विभागप्रमुख आहे. वर्गात सत्तर मुलं. चार वाजले की बस सुटतात आणि पाच मिनिटांत आवार रिकामं होतं. मुलं वाईट नाहीत अक्का, हुशार आहेत, घाईत आहेत. कशाबद्दलही विचारा, एकच प्रतिप्रश्न येतो, "सर, चालतं का हे? अलाउड आहे का?" चालतं म्हटलं की करतात, चालत नाही म्हटलं की कॅमेरा कुठे आहे ते बघतात. का चालत नाही, असं कुणी विचारत नाही. खरं सांगायचं तर विचारलं तर मला वेळ नसतो. मूल्यशिक्षणाचा एक तास आठवड्याला मीच घेतो, त्याच्या शेवटी चार पर्यायांतून एकावर खूण करायची परीक्षा असते, आणि तिच्यातही कॉप्या होतात.

यंदा कंडक्टिव्हिटी मोजायची आमची दोन्ही यंत्रं पूर्ण सत्रभर बंद होती. तो प्रयोग झालाच नाही. अशात बातमी आली की कॉलेजला श्रेणी देणारी समिती तपासणीला येते आहे आणि मुलांच्या प्रयोगांच्या वह्या पाहणार आहे. मी वर्गात उभा राहिलो आणि सांगितलं की मागच्या वर्षीच्या वह्यांतून आकडे घ्या आणि ते पान पूर्ण करा. हे वाक्य मी उच्चारलं, मीच. कुणाची भुवईसुद्धा वर गेली नाही. आठवड्यात एकूणएक वह्या आल्या. एका मुलीच्या वहीत मात्र त्या पानावर हेतू, साहित्य, कृती सगळं शाईने नीट लिहिलेलं, आणि आकड्यांच्या जागी एक ओळ होती: यंत्र नादुरुस्त, प्रयोग झाला नाही.

ही मुलगी होसकोटेची, वडील तिथल्याच कारखान्यात सुपरवायझर. एरवी वर्गात तोंड उघडत नाही. मी तिला केबिनमध्ये बोलावलं. वहीवर माझी सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, आणि वर्ष जातं, हे तिला ठाऊक होतं. आम्ही कन्नडमध्ये बोलत होतो. "सर, जे झालं नाही ते झालं नाही असं लिहिलं. चुकलं कुठे?" ती अगदी साधेपणाने विचारत होती. मी म्हणालो, नियम आहे, वही पूर्ण हवी. मग म्हणालो, सगळ्यांनी लिहिलंय. मग म्हणालो, श्रेणी चांगली मिळाली तरच नवी यंत्रं येतील, तुझ्याच मागच्या मुलांचं भलं होईल. बोलता बोलता मला ऐकू यायला लागलं की ही सगळी माझीच जुनी उत्तरं आहेत, फक्त आता ती मोठ्या माणसाच्या आवाजात येताहेत. तिने ऐकून घेतलं. मग वही माझ्याकडे वळवली आणि पेन पुढे केलं. "सर, मग आकडे तुम्ही लिहा. मी नाही म्हणणार नाही." तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि म्हणून मी तिच्यावर ओरडलो. बाहेर जा म्हणालो.

दोन दिवस वही माझ्या टेबलावर पडून होती. तिसऱ्या दिवशी मी त्या पानावर सही केली, ते पान होतं तसं ठेवून. तुम्हाला आवडेल असं मी केलं, असं वाटून मला बरं वाटलं. मुलीचं वर्ष वाचलं. आणि मग समिती यायच्या सकाळी मी ती वही गठ्ठ्यातून काढली आणि कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. समितीने वह्या चाळल्या, चहा घेतला, आमच्या टापटिपीचं कौतुक केलं. श्रेणी उत्तम मिळाली. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, आणि मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात भेटली. चेहरा फुललेला. "थँक्यू सर. तुम्ही माझी वही ठेवलीत ना त्यांच्यासमोर? ते पान बघून काय म्हणाले?" माझ्याकडे वेळ होता. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं, मला कसलीही भीती नव्हती. मी म्हणालो, "काही म्हणाले नाहीत." ती इतकी आनंदली की पळतच वर गेली. आता ती वर्गात इतरांना सांगते आहे की खरं लिहिलं तरी चालतं, सरांनी स्वतः दाखवलं. दोघातिघांनी या आठवड्यात आपल्या वह्यांत चुकलेले आकडे तसेच ठेवले आहेत. माझ्या खोटेपणावर विश्वास ठेवून ती मुलं खरी वागताहेत अक्का, आणि मी रोज त्यांच्यासमोर उभा राहतो आहे. हे तिला कधीतरी कळेल. तेव्हा तिच्या डोक्यात काय उरेल याचा विचार मला सहन होत नाही.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. ती उद्या पहिल्या तासाला दुसऱ्या बाकावर बसलेली असेल, ते वाचेल आणि मला उत्तर देईल. म्हणून मी तुम्हाला लिहितो आहे.