तुंगीचा पान्हा

कुंभारी,
८ जुलै १९७४

प्रिय जगदेवी,

‘प्रिय’ वाचून दचकू नकोस. तुला पत्र लिहायची वेळ आधी कधी आली नव्हती, आणि आली तेव्हा मीच घरात फर्मान काढलं की तुझं नाव कुणी घ्यायचं नाही. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठायच्या आत तू गेलीस, त्याला आता सहा महिने होतील. या सहा महिन्यांत या घरात तुझी आठवण दोघींनीच उघडपणे काढली. एक तुझी अव्वा, तीही मी बाहेर गेल्यावर. आणि दुसरी तुंगी म्हैस. तुंगीने कशी काढली, तेच सांगायला बसलोय. घरात आपली अर्धी कानडी, अर्धी मराठी, पण हातात पेन आलं की मला मराठीच सुचते. एकतीस वर्षांची मास्तरकी अशी सहजी सुटत नाही.

सुटत नाही म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला एक रशियातला प्रयोग शिकवला होता. कुत्र्याला खाणं देताना रोज घंटा वाजवायची; पुढे नुसती घंटा वाजली तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. बाकीचे हसले, मी वहीत उतरवून घेतलं. वळसंगच्या शाळेत लागल्यावर मी घंटेच्या जागी माझं खाकरणं ठेवलं. पहिला महिना खाकरायचं आणि पाठोपाठ छडी. दुसऱ्या महिन्यापासून छडी खुंटीला. मी व्हरांड्याच्या टोकाला खाकरलो की सगळा वर्ग चिडीचूप. साहेब तपासणीला आले की खूश, मी त्यांच्याहून खूश. मग हे खूळ मी घरी आणलं. तू दोन वर्षांची होतीस. पाहुणे आले की मी मुद्दाम खाकरून दाखवायचो आणि तू ओठांवर बोट ठेवायचीस. सगळे हसायचे. मीही हसायचो, जगदेवी. तू हसायचीस की नाही, ते मला आठवत नाही. आठवायचा फार प्रयत्न केला.

तुंगी गेल्या गौरी-गणपतीत व्याली आणि दहाव्या दिवशी रेडकू दगावलं, हे तुला मी काय सांगू. लोक म्हणाले, कातड्यात पेंढा भरा आणि तिच्यापुढे ठेवा. तू म्हणालीस, आईला फसवायचं नाही. मग रोज पहाटे तू तिच्या अंगावरून हात फिरवत बसायचीस, ‘बा अव्वा, बा’ म्हणायचीस, म्हशीलाच ‘ये आई, ये’ म्हणून बोलवायचीस, तुझ्या सहा हिरव्या बांगड्या चरवीच्या काठावर वाजायच्या, आणि आठवड्याभरात ती त्या किणकिणीवर पान्हा सोडायला लागली. मी आतून ऐकायचो. मनात म्हणायचो, माझीच पोरगी, माझीच विद्या. एक फरक माझ्या ध्यानात आला नाही. तू शिकवलंस ते न मारता.

तू गेलीस आणि तुंगीने दूध चोरलं. सरकी झाली, पेंड झाली, दवाखान्यातला माणूस येऊन सुई टोचून गेला. चरवीच्या तळाला जेमतेम फुलपात्रभर. चार दिवसांनी एकदम दूध वाढलं. मी अव्वेला म्हटलं, बघ, पेंड लागू पडली. ती दूध गाळत राहिली. पुढे एकदा पहाटे गोठ्यात डोकावलो तर तुझी अव्वा म्हशीखाली बसलेली, मनगटाला दोऱ्यात ओवलेल्या तुझ्या बांगड्या बांधून, तुझाच आवाज काढून ‘बा अव्वा, बा’ म्हणतेय. तुझं सगळं सामान मी वाटून टाकायला लावलं होतं. तू जाताना काढून ठेवलेल्या बांगड्या तेवढ्या तिने गोठ्यातल्या कोनाड्यात लपवल्या होत्या. मी काय केलं असेल? खाकरलो. अव्वेचा हात जागच्या जागी थांबला, तुंगीने पाय झाडला, चरवी आडवी, पान्हा वर. त्या दिवशी पुन्हा थेंब नाही. अव्वा एवढंच म्हणाली, “म्हशीला कळतंय की, तुमाला तेवढं कळंना.”

मला तेव्हाही पुरतं कळलं नाही. चैत्रात अव्वा गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. काळजी करू नकोस, प्लॅस्टर निघालंय, भाकरी थापते; पिळायचं बळ मात्र अजून नाही. शेजारची नूरबी धार काढायला आली, तिला तुंगीने उभं राहू दिलं नाही. राहिलो मी. वर्गातल्या भित्र्या पोरांना मी म्हणायचो, हातात बांगड्या भरल्यात का रे? आता त्याच मास्तरने मनगटाला सहा बांगड्या बांधल्या. नूरबीने भिंतीवरून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, “मास्तर, लई शोभतंय की वो! मेंदी बी लावू का?” लाव म्हटलं. गावभर झालं असेल. होऊ दे.

अडचण वेगळीच होती. मी चरवी गुडघ्यात धरली की सवयीने खाकरायचो, आणि खाकरलो की तुंगी अंग आखडून घ्यायची. एवढी का भ्यायली ही, म्हणून विचार करत बसलो. तेव्हा आठवलं. पहाटे तू तिच्याशी बोलत असायचीस, किती काय काय बोलायचीस, आणि मी पडवीत येऊन खाकरलो की तुझा आवाज बंद, बांगड्या बंद, हात बंद. म्हशीनेही तेवढंच शिकून घेतलं होतं, की या आवाजानंतर माया थांबते.

त्या गोठ्यात बसून मला जत्रेआधीची ती संध्याकाळ आठवली. तू परसात अव्वेला सांगत होतीस, “अव्वा, मला एक सांगायचं हाय, मल्लेशम...” आणि मी दारात खाकरलो. तू गप्प. मी विचारलं, काय गं? तू म्हणालीस, काही न्हाय अप्पा. चार दिवसांनी चहाच्या डब्याखाली चिठ्ठी. मी जगाला सांगत सुटलो की पोरीने बापाला एका शब्दाने विचारलं नाही, त्या तेलुगू विणकराबरोबर निघून गेली. विचारायला तुझं तोंड मी कुठे शिल्लक ठेवलं होतं? मल्लेशम रोज तांब्या घेऊन दूध न्यायला यायचा, खाली मान घालून. तोही माझ्या खाकरण्याला भ्यायचा, आता कळतं.

तर मग मी तुंगीची समजूत काढायला लागलो. खाकरणं काही थांबेना, खाकरल्यावर थांबायचं तेवढं शिकलो. उठायचं नाही, ओरडायचं नाही, हात तिच्या पाठीवर ठेवून बसायचं. सुरुवातीला तास तास जायचा. पाय सुन्न व्हायचे. बसल्या बसल्या काय करणार, मीही तुझ्यासारखा तिच्याशी बोलायला लागलो. तुझी भिवंडीहून आलेली दोन कार्डं मी वाचलीच नाहीत असं अव्वेला वाटतं. दोन्ही मी तुंगीला मोठ्याने वाचून दाखवलीत, बऱ्याच वेळा. तिकडच्या विहिरीचं पाणी मचूळ लागतं असं लिहिलंयस, ते तिलाही पाठ झालं असेल.

आणि गेल्या गुरुवारची गोष्ट. बांगड्यांचा दोरा कुजून तुटला. बांगड्या कोनाड्यात ठेवल्या, म्हटलं आज दूध जायचं. तसाच बसलो आणि खाकरलो. तुंगीने मान वळवून पाहिलं आणि पान्हा सोडला, जगदेवी. ना बांगड्या, ना ‘बा अव्वा’. नुसत्या माझ्या खाकरण्यावर. चरवी भरून फेस वर आला. मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून रडलो. तिला आता तुझी गरज उरली नव्हती. तोवर मी स्वतःला समजावत होतो की पोरीची आठवण येते ती दुधापायी, म्हशीपायी. ते निमित्तही गेलं. मागे उरलो मी. घरात कुठेही काही किणकिणलं तरी मान वळते माझी, आणि दारात तू नसतेस. मला ही सवय कुणी शिकवली नाही आणि ती मोडावी असं मला वाटतही नाही.

पंचमी पंधरा दिवसांवर आली. गल्लीतल्या सासुरवाशिणींना आणायला त्यांचे भाऊ मुराळी म्हणून निघतील. तुला भाऊ नाही. तेव्हा मीच मुराळी होऊन येतोय, पंचमीच्या चार दिवस आधी, रेल्वेने कल्याण आणि तिथून एसटीने. एवढं सांगण्यासाठी हे पत्र. मल्लेशमलाही चार दिवसांची सुट्टी काढायला सांग; दूध अजून तसंच दाट आहे, या वेळी घरात बसून प्यायचं. नवा दोरा ओवून बांगड्या ठेवल्यात, सहाच्या सहा. एकच विनंती. तुमच्या दाराशी आलो की मी खाकरेन, या वयात ते सुटायचं नाही. तू आत काही बोलत असशील तर बोलणं थांबवू नकोस. नाहीच जमलं, गप्प झालीस, तरी मी रागावणार नाही. म्हशीला तीन महिने लागले. तुला कितीही लागोत, मी उंबऱ्यावर बसून राहीन.

तुझाच,
अप्पा