तुम्ही म्हणाल तसं, सर

रविवार, ९ मार्च

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. वहिनीलाही सांग. वर्षभर तोंड न दाखवता एकदम पत्र आलेलं बघून ती म्हणेल, ‘भाऊजींचं काहीतरी काम असणार.’ वहिनीचा अंदाज सहसा चुकत नाही.

इकडे सगळं ठीक. आईच्या कानाला मशीन आणलं, पण ती ते डबीतच ठेवते. म्हणते, घातलं की तुझ्या बायकोचं सगळंच ऐकू येतं. मैदानाच्या गोलपोस्टजवळचं गवत पुन्हा पिवळं पडलंय. जुना माळी म्हणायचा पाणी कमी पडतं, नवा म्हणतो जास्त होतं. मी दोघांपुढेही मान डोलावली.

आणि तुझा मिरची! बघितलास ना गेल्या शनिवारी? आमच्यावर दोन गोल. दुसऱ्या गोलनंतर आमच्या बाकासमोर आला आणि कमरेत वाकून मला नमस्कार केला कार्ट्याने. पंचाने पिवळं कार्ड काढलं, तर त्यालाही नमस्कार. आमचीच पोरं तोंड फिरवून हसत होती.

तू म्हणशील, मी सांगितलं होतं. सांगितलं होतंस, बाबा. तळाला राहिलेल्या क्लबला एवढंच एक सुख असतं, की नव्या पोरांच्या निवडीत पहिलं नाव आपण घ्यायचं. आणि त्या एका नावावरून आपण दोघं सख्खे भाऊ, मी कोच नि तू निवडकर्ता, हॉलच्या दारात सगळ्या क्लबांदेखत भांडलो. तू म्हणालास, मिरचीसारखा पाय दहा वर्षांत एखादा येतो. मी म्हणालो, पायाला काय करायचंय, त्याच्या नावावर लाल कार्डं किती आहेत बघ, हा आपल्या डोक्यावर मिऱ्या वाटेल. पाय घडवता येतो, स्वभाव घडवता येत नाही. ‘तू फॉरवर्ड शोधतोयस की सून?’ असं तू विचारलंस, आणि मला ते फार लागलं. मी माईकवर दुसऱ्याचं नाव सांगितलं आणि तू तिथूनच घरी गेलास, तो गेलासच.

माझा तो मुलाखतीतला प्रश्न आठवतो? प्रत्येकाला विचारायचो. गुडघा दुखतोय, सामना महत्त्वाचा आहे, मी म्हणतो खेळ, तर काय करशील? मिरची म्हणाला, ‘आधी डॉक्टरांना विचारीन, मग तुमचं ऐकीन. गुडघा माझा आहे ना?’ तू टेबलावर थाप मारून हसलास. मला वाटलं, काय उर्मट आहे! दुसरा पोरगा हात मांडीवर ठेवून बसला होता. तो म्हणाला, ‘तुम्ही म्हणाल तसं, सर.’ मी तिथेच विरघळलो. तू त्याचं नाव गोगलगाय ठेवलंस, वर म्हणालास, गोगलगाय नि पोटात पाय. दादा, त्याच्या पोटात काही नव्हतं रे. पोरगं आतबाहेर एकच होतं. सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, शेवटी चेंडू गोळा करून जायचा. चुकलास म्हटलं तर ‘हो सर’ आणि छान झालं म्हटलं तरी ‘हो सर’.

त्याचा गुडघा गेला हे तुला कळलं असेल, छापून आलं होतं. डॉक्टर म्हणतात, चालेल, जिने चढेल, खेळायचं मात्र विसरा. क्लबचं म्हणणं, त्याने दुखापत लपवली. लपवणाऱ्याला नियमाने काढून टाकतात, उपचारही मग त्याचे त्याने बघायचे. गुरुवारी कमिटी बसणार आहे. एकदा हा डाग लागला की उद्या त्याला शाळेतल्या पोरांना शिकवायलासुद्धा कुणी उभं करणार नाही.

मघापासून इथेच पेन अडतंय. दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

त्याने लपवलं नव्हतं. सामन्याआधी बुटाची नाडी बांधता बांधता मला म्हणाला होता, ‘सर, गुडघ्यात काहीतरी सरकल्यासारखं होतंय.’ डॉक्टर पलीकडच्याच खोलीत होते. नुसती हाक मारायची होती. पण तू घरी टीव्हीसमोर असशील, माझा माणूस बाकावर बसलेला तुला दिसेल, हेच माझ्या डोक्यात. खरं सांगतो, सामन्याचंही तेवढं नव्हतं. मी विचारलं, ‘खेळवेल ना?’ तो काय म्हणाला ते तुला लिहून कशाला सांगू!

नंतर मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, कुणाला माहीत होतं? पोराने माझ्याकडे बघितलंही नाही. ‘कुणाला नाही,’ म्हणाला. मी तिथेच उभा होतो आणि माझ्याच बुटांकडे बघत राहिलो. थू माझ्या जिण्यावर.

काल त्याच्या खोलीवर गेलो. मी नको नको म्हणत असताना एका पायावर लंगडत त्याने चहा केला. मी म्हटलं, गुरुवारी मी खरं सांगणार आहे. तर हातातली गाळणी तशीच राहिली. ‘नका सर. माझा गुडघा तर गेलाच, आता तुमची नोकरी कशाला घालवता?’ मी चहा कसाबसा संपवला. निघताना तो दारापर्यंत आला, म्हणाला, ‘तुम्ही सख्ख्या भावाशी भांडून मला घेतलंत. मला तुमची लाज राखता आली नाही. माफ करा.’

माझी माफी मागितली त्याने, दादा. माझी.

तर वहिनीचं खरं आहे, काम आहे. गुरुवारी अकरा वाजता कमिटीसमोर आम्हा दोघांना बोलावलंय. आधी त्याला विचारतील. तो मान खाली घालून सांगेल, सरांना काही माहीत नव्हतं. मग अध्यक्ष माझ्याकडे वळतील. आयुष्यभर मी दुसऱ्यांची चारित्र्यं जोखत आलो, पण त्या क्षणी मी काय बोलेन, याची मला खात्री देता येत नाही. मला माझा भरवसा नाही.

तू ये. तू जुना निवडकर्ता, तुला दारात कुणी अडवणार नाही. काही बोलू नकोस, माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. फक्त मला दिसशील असा समोर बस. तुझ्या डोळ्यांत बघून मला खोटं बोलायला कधी जमलेलं नाही.

गुरुवारी, अकराच्या आत.

तुझा,
अजून म्हणवत असेल तर,
धाकटा