मागे चालणारा

प्रिय रोशन,

हे पत्र तुला साधनाच्या हातून मिळेल. पाकीट तिनं उघडलेलं नाही, मीच डिंकानं चिकटवलं आहे. तिनं मला फोन केला होता, हेही आधीच सांगून टाकतो. तुझ्यापासून लपवून मला काहीच करायचं नाही. तू कामावर जात नाहीस, झोपत नाहीस, ताटातला पहिला घास तिला खायला लावतोस, एवढं तिनं सांगितलं. बायको म्हणून तक्रार करत नव्हती, घाबरली होती.

इकडे धानाची मळणी आटोपली. आईनं तुझ्यासाठी लाखोळीची डाळ बांधून ठेवली आहे. काल घरामागच्या मोहाच्या झाडाखाली बसलो होतो, तेव्हा माझं ते वर्ष आठवलं. त्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. मला लाज वाटू नये म्हणून तू गप्प राहिलास, असं मी धरून चाललो; खरं काय ते तुलाच ठाऊक. तू ते सगळं बाहेरून पाहिलंस. आतून कसं होतं, ते आज लिहितो.

मला आधी पावलं ऐकू आली. मग भिंतीला नाक लावून कुणीतरी हुंगतंय असं वाटू लागलं. मी सांगितलं, वाघ आहे. एखाद्या शहरात मला लवकरच दवाखान्यात नेलं असतं. आपल्या गावात कुणी हसलंसुद्धा नाही. का हसतील? आदल्याच उन्हाळ्यात मोह वेचताना सुगंधाबाईला वाघानं नेलं होतं. वाघाला हुसकवायला पोचूकाकानं डफ काढला, बायका दिवस कलायच्या आत शेतातून परतू लागल्या, वनरक्षकानं मोहाला कॅमेरा बांधला. आईनं शिवेवरच्या वाघदेवाला नारळ वाहिला. पंजांचे ठसे कुठंच दिसत नाहीत असं कुणी म्हटलं की ती उसळायची, "माह्या पोरानं पाह्यलं म्हंजे पाह्यलं. तुमी त्याले येडा काऊन ठरवून राह्यले?" सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासातच माझं दुखणं दडून राहिलं. त्यांना दोष कसा देऊ? वाघ खरे होते. माझा तेवढा नव्हता.

कॅमेऱ्यात वाघ आला नाही. मी आलो. प्रत्येक फोटोत मीच, उघडाबंब, वाकून मातीला हात लावणारा. वनरक्षकानं ते फोटो गावात कुणाला न दाखवता तुझ्याकडे दिले आणि तू मला मोहाखाली घेऊन बसलास. फोटो पाहून मी म्हणालो, तो कॅमेऱ्याच्या मागून फिरतो. मी बी.ए. झालेला माणूस, रोशन, आणि हे मी अगदी विचार करून म्हणालो होतो. तू वाद घातला नाहीस. म्हणालास, "असन वाघ. मी नाई म्हणत नाई. पर भाऊ, तू झोपून नाई राह्यला. झोपेसाठी तं डाक्टरले दाखवू." तेवढ्यावर मी उठलो. वाघ नाहीच असं म्हणाला असतास, तर तुलाही मी वैऱ्यात जमा केलं असतं.

मग एसटीपर्यंतची ती जंगलातली वाट. त्या वाटेनं जाताना शेवटी कोण चालणार हे आपल्याकडे आधी ठरवून घेतात, कारण वाघ मागून धरतो. मी जागचा हलेना. तू म्हणालास, "तू पुढं चाल. मागं मी हाय." सगळी वाट माझ्या पाठीशी तुझ्या चपलांचा आवाज होता. कितीतरी दिवसांनी, मागचा आवाज कुणाचा आहे हे मला माहीत होतं.

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला खोटं ठरवलं नाही. हा आजार आहे, औषधानं आटोक्यात येतो, पण धीर धरावा लागेल, असं म्हणाल्या. आधी झोप आली. पावलं लगेच गेली नाहीत. ती लांब गेली, मग अधूनमधून येऊ लागली, आणि एक दिवस भाजीला फोडणी देताना लक्षात आलं की मी बराच वेळ कान लावलेलाच नाही. मध्ये बरं वाटलं म्हणून मनानंच गोळी बंद केली, तर भिंतीशी ते हुंगणं परत आलं. तेव्हापासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलत नाही. तोंड कोरडं पडतं, पोट सुटलं आहे. राईस मिलमध्ये माझ्यासोबत काम करणारा बुधू चिडवतो, "अजयभाऊ, मिलचा तांदूळ बजारात जाते का तुमच्या पोटात?" मीही हसतो आणि कामाला लागतो. असं साधं हसणं परत मिळेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आता हे का लिहिलं ते सांगतो. फोनवरचं आपलं बोलणं कुणीतरी ऐकतं असं तू साधनाला म्हणालास, म्हणून कागदावर लिहिलं. तुझं दुखणं माझ्यासारखंच आहे का, मला माहीत नाही. कदाचित मी तुला माझ्याच मापानं मोजत असेन; ते डॉक्टरांनी ठरवावं. तुझ्या मागावर माणसं आहेत की नाहीत, यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. पण भाऊ, तू झोपून नाई राह्यला. मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी तुझ्याकडे गडचांदूरला येतो. तेवढं दार उघड. मग दवाखान्यापर्यंत तू पुढं चाल. मागं मी हाय.

तुझाच,
अजयभाऊ